महापालिका शाळेचा हिशेब नेमका कुणाकडे मागायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबईतून शाळांच्या कारभाराविषयी आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: विचारले की पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतात. शाळेचा पैसा एका ठिकाणाहून येत नाही, म्हणून असे होते. पगार एका लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून), इमारत दुसऱ्या विभागातून, जेवण तिसऱ्या योजनेतून आणि खडू-फळ्याचा खर्च चौथ्या खात्यातून होतो. कोणता पैसा कोणत्या कागदावर सापडतो हे कळले की अर्धे काम होते. उत्तरांचा भर त्यावरच आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

माझी मुलगी महापालिका शाळेत चौथीला आहे. पालकसभेतून शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली आणि पहिल्याच बैठकीत मला अध्यक्ष केले. आता मुख्याध्यापक अधूनमधून सह्यांना बोलावतात. वाचायला मागितले तर “नेहमीचेच आहे” म्हणतात. माझी सही कशावर लागते? मी काय बघावे? – एक पालक, कळवा

सही तीन ठिकाणी लागते: बैठकीच्या इतिवृत्तावर, समितीच्या खात्यातून पैसे देताना आणि खर्चानंतरच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर. तिसरी सही सर्वांत जड. निधी ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च झाला, असे तुम्ही तिथे लिहून देत असता. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर मुख्याध्यापकांबरोबर तुम्हालाही उत्तर द्यावे लागते. म्हणून संकोच न करता कागद मागा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ ने हे काम समितीवर सोपवले आहे. शासन, महापालिका किंवा इतर कुणाकडूनही मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे, असे ते कलम सांगते. म्हणजे एखाद्या कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, दिलेल्या संगणकांची नोंदही समितीपुढे यायला हवी.

आधी तुमची समिती नियमाप्रमाणे आहे का ते तपासा. राज्याच्या नियमांनुसार सदस्य-सचिव सोडून १२ ते १६ सदस्य हवेत. त्यांत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उरलेल्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात, पण अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. बैठक महिन्यातून किमान एकदा आणि समितीची मुदत दोन वर्षे. बैठक झालेलीच नाही आणि इतिवृत्त मात्र तयार, हा सर्वांत नेहमीचा घोळ आहे. त्यावर सोपा उपाय: सही बैठकीच्या दिवशी, बैठकीच्या जागी करायची, शेवटच्या ठरावाखालच्या मोकळ्या ओळींवर तिरकी रेघ मारायची आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो ठेवायचा. कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या पानावर सही करायची नाही, कितीही घाई असली तरी.

आता पैसा. समितीच्या खात्यातली मुख्य रक्कम म्हणजे समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त शाळा अनुदान. त्याची कमाल मर्यादा पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. तुमच्या शाळेचा पट ४२० असेल तर वर्षाला जास्तीत जास्त ७५,००० रुपये, म्हणजे मुलामागे साधारण १७९ रुपये. त्यात साबण, खडू, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती भागते. इमारतीची रंगरंगोटी भागत नाही. त्यामुळे या अनुदानातून मोठे काम झाल्याचा कागद पुढे आला तर थांबून वाचा.

हे पैसे आता शाळेच्या खात्यात रोख पडून नसतात. ‘पीएफएमएस’ या केंद्रीय प्रणालीत शाळेला खर्चाची मर्यादा मिळते, शाळेत तिला सगळे ‘लिमिट’च म्हणतात. दुकानदाराला पैसे देण्याआधी प्रणालीतून ‘पीपीए’ नावाचा छापील आदेश निघतो आणि त्यावर सह्या होऊन तो बँकेत जातो. न वापरलेली मर्यादा ३१ मार्चनंतर शाळेच्या हाती राहत नाही. लिमिट उशिरा आली की मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात खरेदीची झुंबड उडते आणि वाईट बिले याच दिवसांत तयार होतात. डिसेंबरच्या बैठकीतच गरजांची यादी ठरावात घेऊन ठेवली तर मार्चमध्ये फक्त अंमलबजावणी उरते.

पीपीएवर सही करण्याआधी चार कागद एकत्र मागा: खरेदीचा ठराव, तीन दरपत्रके, बिल आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीतले (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीतले) पान. तारखांचा क्रम ठराव, दरपत्रके, बिल, नोंद असाच हवा. बिल ठरावाच्या आधीचे असेल तर खरेदी आधी झाली आणि मंजुरी मागाहून बसवली. तिन्ही दरपत्रकांची भाषा, चुका आणि छपाई हुबेहूब सारखी असेल तर ती बहुधा एकाच टेबलावर तयार झाली आहेत. शेवटी वस्तू डोळ्यांनी पाहा. नोंदवहीत ६ पंखे असतील तर वर्गात ६ पंखे मोजा.

मुख्याध्यापकांची बाजूही लक्षात घ्या. अनेक शाळांत लिपिक नसतो. ऑनलाइन माहिती भरणे, बँकेच्या फेऱ्या आणि हिशेब हे सगळे तेच वर्ग सांभाळून करतात. समितीतला एखादा हिशेब जाणणारा पालक महिन्यातून एकदा रोकडवही जुळवायला बसला तर बहुतेक मुख्याध्यापकांना ते हवेच असते.

आणखी एक काम बहुतेक समित्या सोडून देतात: शाळा विकास आराखडा. कलम २२ प्रमाणे हा तीन वर्षांचा आराखडा समितीने करायचा असतो. इयत्तावार पट, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या आणि शौचालये, वर्षवार खर्च असे त्याचे स्वरूप. तो डिसेंबरअखेर शिक्षण विभागात पोचला पाहिजे, कारण आयुक्त फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रक मांडतात आणि विभागांच्या मागण्या त्याआधीच गोळा होतात. मार्चमध्ये दिलेला आराखडा त्या वर्षापुरता फाइलला लागतो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

महापालिका शिक्षणावर अमुक कोटी खर्च करणार, अशा बातम्या दर वर्षी येतात. खरोखर किती खर्च झाला हे सामान्य माणसाने कसे शोधावे? आणि हे ठरवते कोण? पूर्वी शिक्षण मंडळ असायचे. – एक निवृत्त बँक कर्मचारी, ऐरोली

मंडळाचे आधी सांगतो. महापालिकांची शिक्षण मंडळे २०१३ च्या कायदादुरुस्तीने संपुष्टात आणली गेली. काहींना मुदत पूर्ण करू दिली गेली, पण आता प्राथमिक शिक्षण हा आयुक्तांच्या अखत्यारीतला एक विभाग आहे. खर्चाचे मोठे प्रस्ताव स्थायी समितीपुढे आणि अंदाजपत्रक अखेर महासभेपुढे जाते. नवी मुंबईत मे २०२० नंतर आणि ठाण्यात मार्च २०२२ नंतरची काही वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते, सगळे अधिकार प्रशासकांकडे होते. त्या काळातले निर्णय शोधायचे तर सभेची इतिवृत्ते मिळणार नाहीत. ‘प्रशासकीय ठराव’ या नावाने क्रमांक आणि तारीख देऊन मागा.

आता आकडे. बातमीतला आकडा असतो तरतुदीचा. महापालिकेच्या संकेतस्थळावरून पूर्ण अंदाजपत्रक उतरवून घ्या, आयुक्तांचे भाषण घेऊ नका. भाषणात योजनांची नावे असतात, हिशेब असतो तो तक्त्यांत. प्रत्येक लेखाशीर्षासमोर साधारण चार रकाने दिसतील: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. नजर चौथ्या रकान्यावर जाते, पण खरी माहिती पहिल्यात आणि तिसऱ्यात आहे.

समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. ‘शाळा इमारत दुरुस्ती’ला मूळ अंदाज १० कोटी, सुधारित ६ कोटी आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च साडेतीन कोटी. म्हणजे जाहीर रकमेच्या ३५ टक्केच पैसा खरोखर वापरला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा १० कोटी दाखवले, तर तो आकडा किती खरा मानायचा हे तुम्ही ठरवू शकता. एका शीर्षाची अशी तीन वर्षांची साखळी जुळवायला चार अंदाजपत्रके लागतात. बँकेत काम केलेल्या माणसाला एका दुपारचे काम आहे.

शिक्षण विभागाची पाने पाहून एकूण खर्च काढू नका. नव्या इमारती आणि मोठ्या दुरुस्त्या बहुधा शहर अभियंत्यांच्या भांडवली खर्चात सापडतात, वीजकामे विद्युत विभागात, संगणक आणि डिजिटल फळे माहिती तंत्रज्ञानाखाली, तर सुरक्षारक्षक आणि सफाई आणखी कुठे. दुसऱ्या बाजूला जमेची पाने पाहा: शिक्षकांच्या मान्य वेतनखर्चाचा ठरावीक हिस्सा राज्य शासन अनुदान म्हणून देते. हे अनुदान थकले की शिक्षण विभागाचा ताळेबंद ओढाताणीचा होतो आणि पगार थांबवता येत नसल्याने कात्री दुरुस्ती, ग्रंथालय, सहल, क्रीडा यांना लागते. शाळेत पुस्तके का आली नाहीत याचे उत्तर अनेकदा या जमेच्या रकान्यात असते.

तीन शब्द ओळखीचे करून घ्या. ‘पुनर्विनियोजन’ म्हणजे एका शीर्षाची तरतूद वर्षाच्या मध्येच दुसऱ्याला देणे. शिक्षणाच्या शीर्षातून बाहेर गेलेली प्रत्येक रक्कम या प्रस्तावांत दिसते. ‘दायित्व’ म्हणजे आधीच्या वर्षांत दिलेल्या कामांची अजून न दिलेली बिले. नव्या तरतुदीचा मोठा भाग तिथेच जाऊ शकतो. आणि ‘पाच दोन दोन’. महापालिका अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रकरण ५, नियम २(२) ला पालिकेच्या बोलीत असे म्हणतात. निविदा न मागवता थेट काम देण्याची ही तरतूद आहे आणि तिला स्थायी समितीची मान्यता व लेखी कारणे लागतात. शाळेशी संबंधित असा प्रस्ताव दिसला की ती लेखी कारणेच मागा. “शैक्षणिक वर्ष सुरू होत असल्याने तातडी” हे कारण आमच्या मते फार ताणले जाते. शाळा जूनमध्ये उघडते हे जानेवारीतही ठाऊक असते.

मुलामागे खर्च काढायचा असेल तर सर्व विभागांची बेरीज करून पटाने भागा, पण दोन शहरांची तुलना जपून करा. एका पालिकेने निवृत्तिवेतन शिक्षणाखाली धरले आणि दुसरीने धरले नाही, तर तुलनेला अर्थ उरत नाही. पट ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक शाळेला ११ अंकी सांकेतांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. त्यावरून शाळेच्या प्रगतिपत्रकात पट, शिक्षक, खोल्या, शौचालये हे सगळे घरबसल्या दिसते. तिथे चालू स्थितीत दाखवलेले शौचालय शाळेत कुलूपबंद असेल, तर त्या पानाची छापील प्रत हीच तुमच्या अर्जाची सुरुवात.

आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर दर पावसाळ्यात गळती होते. दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली होती, पुन्हा तेच. शाळा म्हणते निधी नाही. – पालक, कोपरी

शाळेकडे या कामाचा निधी नसतोच, त्यामुळे ते खरे सांगतात. तुमचा प्रश्न अभियांत्रिकी विभागाचा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या कामाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याचा लेखी आदेश, मागा. त्यात ‘दोषदायित्व कालावधी’ लिहिलेला असतो. त्या मुदतीत दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव पालिकेकडे असते. मुदत संपायला महिना उरला असेल तर आजच लेखी कळवा. ठेव परत गेल्यावर हातात काही राहत नाही. कार्यादेशासोबत मोजमाप पुस्तिकेची पानेही मागा. गच्चीचे किती चौरस मीटर जलरोधक काम झाले हे तिथे असते. गच्ची टेपने मोजून ताडून पाहता येते.

गळती पुन्हा पुन्हा होण्याचे एक कारण वेळापत्रकात आहे. शाळेची दुरुस्ती उन्हाळी सुट्टीत व्हायला हवी. त्यासाठी कार्यादेश मार्च-एप्रिलमध्ये निघाला पाहिजे, म्हणजे प्राकलन (खर्चाचा अंदाज) आणि निविदा हिवाळ्यात. निविदा एप्रिलमध्ये निघाली तर ठेकेदार जूनमध्ये गच्चीवर चढतो. ओल्या स्लॅबवर केलेले जलरोधक काम टिकत नाही. म्हणून समितीचा ठराव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गळतीचे डाग अजून भिंतीवर दिसत असताना, फोटोंसह शिक्षण विभागाला आणि त्याची प्रत प्रभागाच्या कार्यकारी अभियंत्याला गेली पाहिजे.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार संरचनात्मक तपासणी लागते. तिचा अहवाल मागा. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्यायोग्य, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवाल सी-२ए असताना वर्ग भरत असतील, तर अर्ज-विनंत्यांत आठवडे घालवू नका. थेट आयुक्त आणि शहर अभियंता यांना एकाच पत्राने कळवा आणि पोच घ्या.

गणवेशाचे पैसे वर्गातल्या काहींना आले, आमच्या मुलाला नाहीत. शाळेत विचारले तर बँकेत जा म्हणतात. – पालक, तुर्भे

राज्याने डिसेंबर २०१६ मध्ये वस्तूंऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचे (‘डीबीटी’) धोरण घेतले, तेव्हापासून हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. बहुतेकदा अडचण चार ठिकाणी असते: खाते आधारशी जोडलेले असते पण लाभ कोणत्या बँकेत जमा व्हायचा हे ठरवणारी एनपीसीआय जोडणी (मॅपिंग) दुसऱ्याच बँकेकडे असते, बँकेच्या विलीनीकरणाने आयएफएससी बदललेला असतो, केवायसी न झाल्याने खाते निष्क्रिय असते, नाहीतर शाळेतले नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही. बँकेत “आधार लिंक आहे का” असे न विचारता “डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग याच खात्याला आहे का” असे विचारा.

एक खुलासा. समग्र शिक्षेतून दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये आणि महापालिकेची स्वतःची गणवेश-साहित्य योजना, हे दोन वेगळे पैसे आहेत. तुमच्या शाळेला यंदा कोणती लागू आहे आणि आधी पावती द्यायची की आधी रक्कम मिळते, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात असते. समितीने शाळेकडून तीन आकडे मागावेत: पात्र मुले, रक्कम जमा झालेली मुले, बँकेतून परत आलेल्या रकमा. तिसरा आकडा कुणी विचारत नाही. परत आलेला पैसा नवे खाते देऊन पुन्हा पाठवता येतो, पण त्यासाठी वर्ष संपण्याआधी मागणी गेली पाहिजे.

माहिती अधिकारात शाळेच्या खर्चाची माहिती मागितली. उत्तर आले: “माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.” पुढे काय? – नेरूळ

असे उत्तर कायद्यात बसत नाही. कलम ७(९) फक्त माहितीचे स्वरूप बदलण्याची मुभा देते, नकाराची नाही. ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. राज्याच्या नियमांनुसार अर्जाला १० रुपये आणि अपिलाला २० रुपये शुल्क लागते, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत अपेक्षित आहे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे अपील.

पण त्याआधी मूळ अर्ज पुन्हा वाचा. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. “गेल्या दहा वर्षांचा सर्व शाळांचा सर्व खर्च” असे लिहिले की नकाराला निमित्त मिळते. “खर्च का केला” हाही प्रश्न चालत नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. कागदाचे नाव आणि काळ लिहा. उदाहरणार्थ: “अमुक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्याची १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षाची रोकडवही, त्या काळातील पीपीएच्या प्रती आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तत्पूर्वी मूळ अभिलेखांचे अवलोकन करू द्यावे.” शेवटचे वाक्य महत्त्वाचे. अवलोकनात पहिला तास निःशुल्क असतो. आधी पाहा, मग हवी तीच पाने मागा. दोन रुपये पानाने हजार पाने घेण्याची गरज उरत नाही.

विद्यार्थ्यांची किंवा शिक्षकांची नावे, आधार, वैद्यकीय रजा असले काही मागू नका. वैयक्तिक माहितीचा मुद्दा आता अधिक कडकपणे लावला जातो आणि त्या एका ओळीपायी पूर्ण अर्ज अडकतो. संख्या मागा.

अर्जाशिवायचा एक मार्ग फार थोड्यांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख नागरिकांना पाहायला खुले ठेवायचे आहेत. तुमच्यासाठी ते बेलापूरचे महापालिका मुख्यालय, ठाणेकरांसाठी पाचपाखाडीचे. निर्णयाची प्रत सोबत न्या, कारण टेबलावरच्या कर्मचाऱ्यालाही तो माहीत असेलच असे नाही. खरे तर विभागनिहाय तरतूद आणि खर्च, लाभाच्या योजनांची अंमलबजावणी आणि माहिती अधिकाऱ्यांची नावे कलम ४(१)(ख) प्रमाणे न मागताच प्रसिद्ध व्हायला हवीत. संकेतस्थळावर ती जुनी दिसली तर अपिलात तेही नोंदवा.

आमची शाळा खासगी, विनाअनुदानित आहे. फी अचानक वाढली. समितीकडे तक्रार करता येईल का? – घोडबंदर रोड

शाळा व्यवस्थापन समितीचे कलम तुमच्या शाळेला लागू नाही. तुमच्यासाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ आणि त्यातून सोडतीने कार्यकारी समिती. व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. मंजूर फी दोन वर्षांसाठी असते आणि ती सूचनाफलकावर लावावी लागते. सोडत कधी झाली आणि मंजुरीचे इतिवृत्त कुठे आहे, हे दोन प्रश्न लेखी विचारा. समिती ‘निवडलेली’ निघाली तर तो मुद्दा शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्या. शाळा सीबीएसईची असेल तर फीचा तक्ता आणि पालक-शिक्षक संघाची यादी ‘अनिवार्य प्रकटीकरण’ या पानावर संकेतस्थळावर असायला हवी. नवी मुंबई महापालिका चालवते त्या सीबीएसई शाळांची पानेही तिथेच पाहता येतात.

उर्दू माध्यमाच्या आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचा पट २६० आणि प्रत्यक्षात शिक्षक चार. – पालक, मुंब्रा

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे २०० हून अधिक पट असेल तर मुख्याध्यापक सोडून ४० मुलांमागे एक शिक्षक. २६० मुलांना सात. राज्य मात्र पदे ‘संचमान्यते’ने, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करणाऱ्या आदेशाने, ठरवते. त्याचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले आणि गणतीत आधार पडताळणी झालेलीच मुले धरली जातात. त्यामुळे पहिली तपासणी घरचीच: किती मुलांचे आधार नाव किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे अडकले आहे? पटावर २६० आणि संचमान्यतेत २१५ असे झाले, तर पदे २१५ वर ठरतात. ही दुरुस्ती ३० सप्टेंबरच्या गणतीआधी झाली पाहिजे. समितीतल्या पालकांनी घरोघरी जाऊन करावे असे हे काम आहे.

मग शाळेची संचमान्यता प्रत मागा आणि चार संख्या लिहून काढा: मंजूर, कार्यरत, रिक्त आणि ‘कामगिरीवर’. शेवटचे शिक्षक कागदोपत्री तुमच्या शाळेत असतात, पगारही तिथूनच निघतो, पण काम मुख्यालयात किंवा दुसऱ्या शाळेत. कागदावर पद भरलेले दिसत असल्याने रिक्त जागा दाखवली जात नाही आणि नवा शिक्षकही मिळत नाही. पालकांना सर्वांत उशिरा कळणारी आणि मुलांचे सर्वाधिक नुकसान करणारी गोष्ट हीच. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य बिगरशैक्षणिक कामाला शिक्षक नेता येत नाही. कलम २६ प्रमाणे रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. ही दोन कलमे आणि चार संख्या घालून कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय बंधनकारक आहे. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

उर्दू माध्यमासाठी एक वेगळी नोंद मागा: शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर महापालिकेने भरतीची मागणी नोंदवताना माध्यमनिहाय किती पदे दाखवली? मराठी माध्यमात अतिरिक्त ठरलेले शिक्षक उर्दूच्या वर्गावर चालत नाहीत. एकूण आकडा पुरेसा दिसतो आणि तुमचा वर्ग मोकळाच राहतो. तोवर ठोक मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर शिक्षक घेण्याचा पर्याय पालिकेकडे असतो, पण त्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का ते आधी बघा.

मध्यान्ह भोजन कमी पडते. बाहेरच्या स्वयंपाकघरातून येते, त्यामुळे शाळा हात झटकते. – पालक, दिघा

पीएम पोषण योजनेचे प्रमाण कच्च्या धान्याचे आहे. पहिली ते पाचवी मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम. सहावी ते आठवी तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम. १०० ग्रॅम तांदळाचा भात साधारण २५० ते ३०० ग्रॅम होतो. पाचवीपर्यंतची ८० मुले हजर असतील तर तांदूळ ८ किलो, म्हणजे किमान २० किलो भात यायला हवा. रिकामा डबा वजा करून वजनकाट्यावर तोला आणि तारीख घालून नोंद ठेवा, सलग दोन आठवडे. एका दिवसाच्या नोंदीवर काही होत नाही.

शाळेला हात झटकता येत नाहीत, कारण पुरवठादाराचे बिल शाळेने रोज सही करून दिलेल्या लाभार्थी संख्येवर निघते. ती संख्या त्या दिवशीच्या वर्ग हजेरीशी लावून पाहा. हजेरी ८०, आहार नोंद १०५ आणि डबे ८० मुलांचे, असे दिसले तर तक्रार पुरवठादारापुरती राहत नाही. चव नोंदवही पालकांना पाहता येते आणि आलटून पालटून एका पालकाने चव घेऊन सही करायची असते. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात दिसल्या तर त्या पानाचा फोटो घेऊन ठेवा आणि तक्रारीसोबत जोडा. तक्रार शिक्षण विभागाच्या पोषण आहार कक्षाकडे करा, प्रत मुख्य लेखापरीक्षकांना द्या. बिल मंजूर होण्याआधी पोचली तर वजावट करणे सोपे जाते, म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आत द्या.